जुना ऑटोक्लेव्ह बदलायचाय? आधी मेजरटेप घ्या

अॅनिमल हाउसमधला (प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथला) ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने पिंजरे, बेडिंग निर्जंतुक करणारं मशीन, थकलाय हे तो बंद पडायच्या आधीच कळतं. नवं गॅस्केट बसवूनही दारातून वाफ फुसफुसते, लीक टेस्टमध्ये (आतली हवा खेचून घेऊन बाहेरची शिरते का हे बघतात) दाब मिनिटाला १.३ मिलिबारपेक्षा जास्त चढतो, पिंजऱ्यात अंथरायच्या बेडिंगच्या पिशव्या ओल्या निघतात. व्हॉल्व्ह किंवा स्टीम ट्रॅप (वाफ अडवून साचलेलं पाणी बाहेर सोडणारा भाग) बदलून भागत असेल तर तेवढंच करा. चेंबरच्या वेल्डिंगपाशी गंजाचे खड्डे दिसले, की मात्र डागडुजीत पैसे घालू नका.

कोटेशन मागवायच्या आधी गेटपासून खोलीपर्यंत टेप घेऊन चाला. परळ-भायखळ्याच्या जुन्या इमारतींत मशीन बहुधा लिफ्टच्या दारात किंवा पॅसेजच्या वळणावर अडतं. खिडकी काढून क्रेनने चढवायचं असेल तर ते काम पावसाळ्यात ठेवू नका. वजनाचा हिशेब कॅटलॉगवरून करू नका. ९० × १२० × १५० सेंमीच्या चेंबरमध्ये १,६२० लिटर पाणी मावतं. जागेवर हायड्रो टेस्ट (चेंबर पाण्याने भरून दाब देऊन तपासणं) करायची तर मशीनच्या वजनावर तेवढेच किलो आणखी येतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बेरीज करून आकडा द्या.

ड्रेनचा विचार शेवटी होतो आणि तिथेच घोळ होतो. गरम कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) थेट पीव्हीसी पाइपात सोडलं की पाइप मऊ पडून झोळीसारखा लोंबतो, सांधे सुटतात. पाणी ६० अंशांखाली आणणारा कूलिंग टँक आणि पहिल्या टप्प्याला स्टेनलेस स्टीलचा पाइप ऑर्डरमध्येच लिहून घ्या. व्हॅक्यूम पंप प्राण्यांच्या खोलीच्या भिंतीला टेकवू नका. आपल्याला ऐकू न येणारा अल्ट्रासोनिक आवाजही उंदरांना ऐकू जातो, आणि त्याचा परिणाम ब्रीडिंगवर होऊ शकतो.

पिंजरे कशाचे आहेत त्यावर सायकल, म्हणजे किती तापमानाला किती वेळ वाफ द्यायची ते, ठरते. पॉलिसल्फोन १३४ अंश सोसतं, पॉलिकार्बोनेट १२१ च्या वर नेऊ नका. धुतल्यावर अल्कलाइन डिटर्जंट राहिलं आणि वर वाफ लागली, तर पॉलिकार्बोनेट दुधाळ होऊन तडकतं. हा दिसण्यापुरता दोष नाही. अशा खराब पिंजऱ्यांतून झिरपलेल्या बिस्फेनॉल-ए या पॉलिकार्बोनेटमधल्या रसायनामुळे उंदरांच्या अंडपेशींत गुणसूत्रांचे दोष येतात, हे संशोधक पॅट्रिशिया हंट यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं.

दुहेरी दाराचं मशीन काढलं की बॅरिअरच्या, म्हणजे जंतूमुक्त भाग वेगळा ठेवणाऱ्या, भिंतीला भगदाड पडतं. त्यामुळे काढण्याआधी स्वच्छ बाजूने पत्रा लावून कडा सिलिकॉनने सील करा आणि त्या खोलीतला हवेचा दाब जास्तच राहतोय ना, हे रोज मॅनोमीटरवर (दाब मोजायच्या यंत्रावर) बघा. तेवढ्या काळासाठी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं खाद्य आणि बेडिंग आधीच भरून ठेवा. जुन्या पाइपांवरच्या लॅगिंगमध्ये (उष्णतारोधक वेष्टणात) अॅस्बेस्टॉस असण्याची शंका आली, तर नमुना तपासल्याशिवाय कोणाला ते खरवडू देऊ नका.

नवं मशीन बसलं की रोज पहिली सायकल बोवी-डिकची (चेंबरमधली हवा पूर्ण निघून वाफ सगळीकडे पोचते का याची चाचणी): १३४ अंश, साडेतीन मिनिटं. मग तुमच्या रोजच्या लोडने सलग तीन रन. रिकाम्या चेंबरचा आलेख सुंदरच येतो, त्यावर सही करू नका. कॉर्न कॉबची (मक्याच्या बुरकुंडांच्या बेडिंगची) घट्ट भरलेली पिशवी आतून उशिरा तापते, म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जिवाणूची व्हायल पिशवीच्या मधोमध खुपसा, आणखी एकेक ड्रेनजवळ ठेवा. व्हायली ५५ ते ६० अंशांवर इन्क्युबेट करा. सोबत वाफ न दाखवलेली एक कंट्रोल व्हायल हवीच. तिच्यात वाढ दिसली नाही तर बाकीच्या कितीही स्वच्छ दिसोत, रन बाद धरा.