पद्मा नदीचा पाला पेट्रापोलला अडकू नये म्हणून

माझं माहेर हर्णैचं. बंदरावर लिलावाला उशीर झाला की मासळीचा भाव कसा उतरतो, ते लहानपणापासून बघितलंय. लग्नानंतर कोलकात्याला आले आणि बांगलादेशातून पेट्रापोलच्या सीमानाक्यावरून येणाऱ्या इलिशचे, म्हणजे आपल्याकडच्या पाला माशाचे, आयातीचे कागद करू लागले. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याला मी आधी एवढंच सांगते: बर्फ भरायच्या आधी कागद पुरे करा.

सुरुवात परवानगीपासून. बांगलादेशाने २०१२ मध्ये इलिशची निर्यात बंद केली. २०१९ पासून दुर्गापूजेच्या तोंडावर ठरावीक कोटा सोडतात. २०२५ मध्ये तो १,२०० टन होता आणि किमान दर किलोला साडेबारा डॉलर. परवानगी एकेका निर्यातदाराच्या नावावर निघते, ती दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून सौद्याआधी पत्राची प्रत मागवा. नाव, वजन आणि शेवटची तारीख स्वतः वाचा. नुसत्या फोनवरच्या शब्दावर आगाऊ रक्कम पाठवू नका.

आपल्या बाजूचं सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, म्हणजे मासळी आणायला लागणारा आपल्या सरकारचा आरोग्यविषयक परवाना, माल निघण्याआधी हातात हवं. तिकडून आरोग्य दाखला, साफ्टाचा (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराचा) उत्पत्तीचा दाखला, बीजक आणि पॅकिंग लिस्ट. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचं आयातीचं पत्रक, आधीच भरून ठेवा.

खरं अडतं ते शब्दांत आणि आकड्यांत. एका कागदावर 'इलिश', दुसऱ्यावर 'हिल्सा', तिसऱ्यावर नुसतं 'फिश'. सगळीकडे 'टेनुअलोसा इलिशा' हे शास्त्रीय नाव घालून घ्या. कस्टम्सच्या यादीत बर्फातला ताजा मासा ०३०२ या क्रमांकात येतो, गोठवलेला ०३०३ मध्ये. पेटीत बर्फ आहे म्हणून 'फ्रोझन' लिहू नका. निव्वळ वजन वेगळं, पेटी-बर्फासकटचं वेगळं. एका वर्षी आमच्या ट्रकच्या दाखल्यावर बर्फासकटचं वजन पडलं आणि बीजकावर निव्वळ. दुरुस्त कागद यायला रात्र गेली. सकाळी पेटी उघडली तर तळाला पाणी, माशांचे डोळे खोल गेलेले, कल्ले तपकिरी. हावड्याच्या बाजारात तो माल निम्म्या भावाने गेला. कोणीतरी रात्रभर जाळं ओढून आणलेला मासा होता तो. अजून आठवलं की जीव कळवळतो. तेव्हापासून सगळे कागद शेजारी-शेजारी मांडते आणि आकड्यावर बोट ठेवून ताडून बघते. हे काम ट्रक निघायच्या आदल्या दिवशीचं.

बर्फ माशाच्या वजनाइतका घालायला सांगा, थराथराने. वितळलेलं पाणी निघून जायला वाट हवी, नाहीतर खालचे मासे त्यातच भिजत राहतात.

वेळेचंही भान ठेवा. बांगलादेशचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे, म्हणजे त्यांची कचेरी आपल्या आधी मिटते. शिवाय त्यांची सुट्टी शुक्रवारी, आपली रविवारी. गुरुवारी दुपारनंतर निघणारा माल मी घेतच नाही.

ऑक्टोबरच्या सुमारास २२ दिवस तिकडे इलिश पकडायलाच बंदी असते. २०२५ मध्ये ती ४ ते २५ ऑक्टोबर अशी होती. अंडी घालायचे दिवस ते, बंदी हवीच. पण त्यामुळे हंगाम फार आखूड होतो आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांचेच ट्रक एकदम येतात. तुमचा माल परवानगी निघाल्याच्या पहिल्या आठवड्यातच आणून घ्या.