भूकंपानंतर लेकरू रात्रीचं दचकून उठतं, तेव्हा घरच्यांनी काय करायचं

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या पुढे कोयनानगरचा भूकंप झाला, तेव्हा मी सात वर्षांची होते. आमचं घर पाटण तालुक्यात. पडवीची भिंत गोठ्यावर कोसळली, माणसं वाचली. पुढे कित्येक महिने मी पहाटे चारला टक्क जागी व्हायचे. कुणी विचारलं तर "काही नाही." आजीनं कधी रागे भरलं नाही. ती उठून चूल पेटवायची आणि मला काटक्या मोडायला बसवायची. हाताला काम लागलं की छातीतली धडधड कमी व्हायची.

नंतर छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. एकदा धक्का बसून गेल्यावर माझ्या वर्गातला एक मुलगा रस्त्यानं ट्रक गेला तरी बाहेर पळायचा. मी त्याला उभं केलं, ओरडले. मी स्वतः त्यातून गेलेली, तरी मला ओळखता आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. मग त्याला दाराजवळ बसवलं आणि सांगितलं, "वाटलं तर खुशाल बाहेर जाऊन ये." हळूहळू त्याचं पळणं थांबलं.

म्हणून आधी ओळखा. लहान मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, आईला सोडत नाही, ठोकळ्यांचं घर रचून तेच तेच पाडत बसतं. शाळेच्या वेळी पोट दुखतं, आणि ते खरंच दुखत असतं. मोठी मुलं गप्प होतात किंवा अंगावर येतात. कुणी गाडी बेफाम चालवायला लागतं. हा हट्ट किंवा माज नव्हे. मारू नका, भावंडांसमोर चिडवू नका.

"आता काही होणार नाही" असं वचन तर देऊच नका. आमच्या खोऱ्यात अजून बारीक धक्के बसतात. पुढचा धक्का आला की मुलाचा तुमच्यावरचा विश्वास जातो. त्यापेक्षा सांगा, "धक्का येऊ शकतो. आला तर काय करायचं ते आपण ठरवू." भक्कम टेबलाखाली बसायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा, थांबल्यावर मोकळ्या जागेत जायचं. दोनचारदा करून बघा. उशाशी बॅटरी आणि चपला ठेवायचं काम मुलाकडेच द्या.

घडलेलं खोदून विचारू नका. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा मला "सांग गं, काय झालं" म्हणायचा, आणि मला प्रत्येक वेळी ती भिंत दिसायची. शेंगा सोलताना, भाकरी थापताना मूल शेजारी बसलं तर आपणहून बोलतं. तेव्हा मधे तोडू नका. लहानग्याला कधीकधी वाटतं, मी आईशी भांडलो म्हणून हे झालं. तसं नाही, हे स्पष्ट सांगा. मोठ्या मुलांना कारण समजावून द्या: शिवाजीसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी आणि जमिनीखालच्या भेगांमधला दाब. पडझडीचे व्हिडिओ मात्र घरात सारखे लावू नका. जेवण, शाळा, झोप ठरल्या वेळी होऊ द्या. काही दिवस मूल कुशीत झोपलं तर बिघडत नाही.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही वाईट स्वप्नं, दचकणं, त्या जागेला टाळणं चालूच असेल, शाळा आणि जेवण सुटलं असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. मरणाच्या गोष्टी बोललं तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या, एकटं ठेवू नका. अंगारा लावायचा तर लावा, पण त्यापायी दवाखाना लांबवू नका. झोपेच्या गोळ्या मनानं देऊ नका. तज्ज्ञ मुलाला बोलतं करून, टाळलेल्या गोष्टींकडे बेताबेतानं नेतात, आणि त्यात आईबापालाही बसवून घेतात. लगेच जाता येत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. पहाटे चारलाही लावा.