एअरसॉफ्ट गॅस पिस्तुलात छर्रा किती ग्रॅमचा?

एअरसॉफ्ट गॅस पिस्तूल म्हणजे गॅसच्या दाबानं प्लास्टिकचे गोल छर्रे मारणारं खेळाचं पिस्तूल. वावरात निशाणा लावला की ०.२० ग्रॅमचा छर्रा वाऱ्यानं भरकटतो. पिस्तुलाला दोष देण्याआधी हे करून पाहा.

१. ६ मिमीचे ०.२०, ०.२५ आणि ०.२८ ग्रॅमचे छर्रे थोडे थोडे आणा.

२. वारा पडलेला असताना पंधरा पावलांवर पुठ्ठा उभा करून प्रत्येक वजनाचे दहा-दहा मारा. वजन बदललं की हॉप-अप (छर्ऱ्याला उलटी फिरकी देणारा नळीतला रबरी भाग) नव्यानं जुळवायचं, हे बहुतेक जण विसरतात. ज्याची भोकं सगळ्यात जवळजवळ, तो छर्रा तुमचा.

आपल्याकडच्या मे महिन्यात गॅसचा दाब चढतो, तेव्हा ०.२८ बरा. पौषातल्या थंड सकाळी ०.२० किंवा ०.२५.

डोळ्यावर जाड संरक्षक चष्मा हवाच, बाजूला उभ्या पोरांच्याही. भरलेलं मॅगझिन (छर्रे आणि गॅस भरायचा पिस्तुलाचा भाग) धुऱ्यावर उन्हात ठेवू नका.