टोमॅटोचा करपा आणि परसातला ढीग

जळगावला आमच्या परसात सलग दोन वर्षं टोमॅटोवर करपा आला. खालच्या पानांवर वलयांचे तपकिरी ठिपके, मग पान पिवळं. फवारण्या करून थकलो. चूक माझीच होती: हंगाम संपला की वाळलेली झाडं वाफ्यातच पडू द्यायचो. करप्याची बुरशी त्याच काडीकचऱ्यावर तग धरते आणि पावसाच्या थेंबांनी उडून नव्या रोपांवर जाते.

आता रोगट पानं लगेच तोडून लांब, खोल खड्ड्यात पुरतो. निरोगी पाला, चिरलेली केळीची पानं, भाजीची देठं यांचा खतासाठी कडुनिंबाखाली साधारण १ मीटर उंच ढीग करतो, थराथरात शेणकाला. आत ५५ अंशांवर काही दिवस तापला तर रोगजंतू मरतात, पण घरच्या छोट्या ढिगाचा भरवसा नाही. म्हणून रोगट काही त्यात घालतच नाही.

खानदेशी उन्हात खरी अडचण ओलाव्याची. मे महिन्यात ढीग कोरडा पडला आणि कुजणंच थांबलं. तेव्हापासून ओलं गोणपाट झाकतो. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये, इतकाच ओलावा. पंधरा दिवसांनी पलटी.

वांगं टोमॅटोच्याच कुळातलं, म्हणून यंदा टोमॅटो वांग्याच्या जागी न लावता मेथीच्या वाफ्यात लावला. दिवाळीपर्यंत खालची पानंही हिरवी होती.