चार्जरची सुरक्षा तपासणी: केव्हा, कोणी आणि कोणत्या तयारीने

विजेवर चालणाऱ्या गाडीचा चार्जर एकदा भिंतीवर बसला की त्याच्याकडे सहसा कोणी पुन्हा निरखून पाहत नाही. वास्तविक पूर्ण भाराने इतके तास सलग चालणारे दुसरे उपकरण घरात क्वचितच असते. ७.४ किलोवॉटचा चार्जर २३० व्होल्टवर ३२ अँपिअर प्रवाह खेचतो, आणि तोही बहुधा रात्री, जवळ कोणी जागे नसताना. त्यामुळे तपासणीच्या मुदती ठरवताना चार्जर आठवड्यात किती तास चालतो, तो उन्हापावसात आहे का आणि किती जण तो हाताळतात, हे पाहावे लागते. उत्पादकाच्या पुस्तिकेतील मुदतीपेक्षा जास्त काळ तपासणी लांबवू नये. विद्युत नियम त्याहून कडक असतील, तर ते पाळावेत.

तयारीची सुरुवात एका वहीने करावी. तीत चार्जरचे मॉडेल, बसवल्याची तारीख, एमसीबीची (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणाऱ्या स्विचची) क्षमता, आरसीसीबीचा (वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचा) प्रकार, वायरची जाडी आणि बसवताना घेतलेल्या चाचण्यांचे आकडे उतरवून ठेवावेत. अर्थिंगचे, म्हणजे दोषाची वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीच्या रोधाचे, एका वर्षाचे मोजमाप एकटेच पाहिले तर ते ठीकच वाटते. पहिल्या आकड्याशी ताडून पाहिल्यावरच ते दरवर्षी चढत चालल्याचे ध्यानात येते.

गन, म्हणजे केबलच्या टोकाचा गाडीत खोचायचा भाग, गाडीला लावताना प्रत्येक वेळी पिनांवर नजर टाकावी. त्यात ओल, माती किंवा कोळ्याचे जाळे नाही, केबल दाराखाली चेंगरलेली नाही आणि गन सैल बसत नाही, एवढे पाहायला अर्धे मिनिट पुरते. महिन्यातून एकदा मात्र दिवसाउजेडी केबलवरून संपूर्ण लांबीभर हात फिरवावा, अर्थात पुरवठा बंद करून. ती गनमध्ये शिरते तिथे वारंवार वाकते, म्हणून चीर तिथेच आधी पडते. साध्या सॉकेटमध्ये लावायचा चार्जर वापरत असल्यास प्लग काढून सॉकेटची छिद्रे पाहावीत. एका जरी छिद्राभोवती तपकिरी कडे दिसले, तर तो सॉकेट त्या दिवसापासून वापरातून काढावा. त्याची पुढच्या तपासणीपर्यंत वाट पाहू नये.

हे तपकिरी कडे का पडते, ते समजून घेण्यासारखे आहे. सैल जोडणीचा रोध अवघा ०.१ ओहम असला, तरी ३२ अँपिअर प्रवाहाला तिथे सुमारे १०० वॉट उष्णता तयार होते, आणि ती नखाएवढ्या जागेत तासन्‌तास साठत राहते. एमसीबी अशा वेळी पडत नाही, कारण प्रवाह तर मर्यादेतच असतो. म्हणून वर्षातून एकदा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बोर्डातील आणि चार्जरमधील सर्व टर्मिनल (तारा स्क्रूने आवळतात त्या जोडण्या) टॉर्क स्क्रू ड्रायव्हरने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पेचकसाने, पुस्तिकेत दिलेल्या मापाने तपासून घ्यावेत. शक्य असल्यास त्याआधी चार्जर तासभर पूर्ण भाराने चालवून उष्णता दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याने पाहावे. थंड चार्जरचा फोटो काहीच सांगत नाही.

आरसीसीबीचे चाचणी बटण उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीने, आणि काहीच सांगितले नसेल तर निदान दर सहा महिन्यांनी, दाबावे. ‘टक्’ असा आवाज होऊन पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. पण या बटणाने फक्त आतली यंत्रणा अडकलेली नाही, एवढेच कळते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढ्याच गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत सुटते की नाही, हे वार्षिक तपासणीत मापकयंत्रानेच पाहावे लागते. प्रकारही त्याच वेळी पडताळावा. गाडीच्या चार्जिंग यंत्रणेतून एकदिश (डीसी) प्रवाहाची गळती होऊ शकते, आणि ती ६ मिलिअँपिअरच्या पुढे गेली की ए प्रकारच्या आरसीसीबीवर विसंबता येत नाही. चार्जरमध्येच त्या गळतीचे संरक्षण असेल तर ए प्रकार चालतो, नसेल तर बी प्रकार हवा. एसी प्रकार इथे मुळीच बसवू नये.

वार्षिक तपासणीच्या दिवशी इलेक्ट्रिशियन येण्यापूर्वी गाडी चार्जरपासून सोडवून ठेवावी, मेन स्विचपर्यंतची वाट मोकळी करावी आणि वही व पुस्तिका हाताशी ठेवावी. वायरिंगची मेगर चाचणी, म्हणजे वायरवरच्या आवरणातून वीज गळते का याची तपासणी, ५०० व्होल्टवर होते, तेव्हा चार्जरचे इलेक्ट्रॉनिक्स वेगळे केले आहेत ना, हे विचारायला संकोच करू नये. अर्थिंगची सलगता चार्जरच्या गनपर्यंत मोजून घ्यावी, नुसती बोर्डापर्यंत नको. गाडी रबरी टायरवर उभी असते, आणि अर्थ तुटलेला असेल तर दोष असलेल्या गाडीला हात लावणाऱ्याच्या अंगातूनच वीज जमिनीकडे वाट काढू शकते.

सोसायटीच्या वाहनतळावरील किंवा सार्वजनिक चार्जरची बाहेरून पाहणी आठवड्याला आणि तंत्रज्ञाची तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी व्हावी, असे माझे मत आहे. जलद डीसी चार्जरमध्ये हवेचे फिल्टर, पंखे आणि काही ठिकाणी केबल थंड ठेवणारे द्रवही तपासायचे असते. पुरवठा बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) वीज साठून राहते, म्हणून त्याचे झाकण घरच्या हौशी माणसाने उघडू नये.

पाणी शिरणे, वीज पडणे, गाडीची धडक, जळका वास किंवा आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडणे, यांपैकी काहीही घडल्यास पुरवठा बंद करून त्याच दिवशी तपासणी ठरवावी आणि चार्जरवर ‘वापरू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावावी. बाद ठरवलेली सुटी केबल कोपऱ्यात गुंडाळून ठेवू नये. तिचा प्लग कापून टाकावा आणि वहीत त्याची तारीख लिहावी.