सरकारी कंपनी की सार्वजनिक उपक्रम: नेमकं कसं ओळखायचं

प्रत्येक सरकारी कंपनी सार्वजनिक उपक्रम असते. उलटं मात्र खरं नाही. सार्वजनिक उपक्रम हा बोलण्यातला व्यापक शब्द आहे, सरकारी कंपनीची व्याख्या मात्र कायद्याने ठरवलेली आहे.

आधी संस्था कशाखाली स्थापन झाली ते पाहा. नावावर जाऊ नका. सिडको आणि एमआयडीसी या दोघांनाही आपण महामंडळ म्हणतो. पण सिडको ही १९७० मध्ये नोंदलेली कंपनी आहे, तर एमआयडीसी १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाने निर्माण झाली. एलआयसी (१९५६) आणि स्टेट बँक (१९५५) यांचेही स्वतंत्र कायदे आहेत. त्यामुळे बहुतांश भांडवल सरकारचं असूनही त्या सरकारी कंपन्या ठरत नाहीत.

संस्था कंपनी असेल तर तिचा २१ अक्षरांचा सीआयएन (कंपनी ओळख क्रमांक) शोधा. १३ ते १५ या जागी 'जीओआय' असेल तर केंद्राची, 'एसजीसी' असेल तर राज्याची. हा झाला संकेत. खात्री भागधारणेवरूनच करायची.

कंपनी कायदा २०१३, कलम २(४५) नुसार भरणा झालेल्या भागभांडवलात केंद्र, राज्य किंवा दोघांचा मिळून किमान ५१ टक्के हिस्सा लागतो. ५०.५ टक्के पुरत नाहीत. सरकारी कंपनीची उपकंपनीही सरकारीच, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. २०१८ मध्ये केंद्राने एचपीसीएल या तेल कंपनीमधला आपला ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसी या सरकारी कंपनीला विकला. सरकारचा थेट हिस्सा गेला, तरी उपकंपनी म्हणून एचपीसीएल सरकारी कंपनीच राहिली. याउलट पेट्रोनेट एलएनजीत चार सरकारी तेल-वायू कंपन्यांचे प्रत्येकी १२.५ टक्के आहेत. बेरीज ५०, एकही कंपनी तिची धारक कंपनी (निम्म्याहून जास्त मताधिकार किंवा संचालक मंडळावर ताबा असलेली) नाही, म्हणून ती सरकारी कंपनी नाही.

फरक कामाला येतो तो लेखापरीक्षणात. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक कॅग (भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक) नेमतो. त्याचा अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत कॅग पूरक तपासणी करू शकतो. वार्षिक अहवाल संसदेत किंवा विधिमंडळात मांडावा लागतो. स्वतंत्र कायद्याने निर्माण झालेल्या महामंडळाबाबत हे सारं त्याच्या मूळ कायद्यात शोधावं लागतं. कंपनी कायद्यातली कलमं तिथे लावू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर या फरकाने अडत नाही: तो दोघांनाही लागू आहे.