क्लाउडशिवाय कामाच्या नोंदी लॅपटॉप, फोन आणि घरच्या पीसीवर सारख्या कशा ठेवाव्यात

ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलेली नोंद घरी हवी असली की बहुतेक जण ती व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवतात. चार दिवस चालून जातं. मग फोनमध्ये एक दुरुस्ती होते, पीसीवर दुसरी, आणि अशिलाला नेमका कोणता आकडा कळवला होता हे शोधण्यात सकाळ जाते. यावर क्लाउड हा सरळ उपाय आहेच. पण अशिलांची, रुग्णांची किंवा निविदांची माहिती परक्या सर्व्हरवर ठेवायची नसेल, किंवा साइटवर नेटचा पत्ताच नसेल, तर सिंकथिंग वापरून बघा. 2013 पासूनचं हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर फुकट आहे. खातं उघडायला नको, ईमेल द्यायला नको. फाइली एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाहीत अशा सांकेतिक रूपात, एका डिव्हाइसवरून दुसऱ्यावर जातात, मध्ये कुठेही साठून राहत नाहीत.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर आधी आयटी विभागाला विचारा. ते नाही म्हणाले तर विषय संपला.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्या. मध्ये फाइली साठवणारा सर्व्हर नसल्यामुळे फाइल जायची तर दोन्ही डिव्हाइस एकाच वेळी चालू असावे लागतात. ऑफिसचा लॅपटॉप सहाला बंद होतो, घरचा पीसी आठला सुरू होतो, त्यांची गाठ पडणार कधी? म्हणून या मांडणीत सगळ्यात महत्त्वाचा आहे तो फोन. तो दोन्हीकडे जातो, दिवसभर चालू असतो. लॅपटॉपकडून घ्यायचं आणि घरी पीसीला द्यायचं, हा निरोप्या तोच. फोन नीट बसवला की बाकीचं फारसं अवघड नाही.

नोंदी साध्या मजकूर फाइलींत हव्यात. ऑब्सिडियन किंवा अँड्रॉइडवरचं मार्कोर ही नोंदींची अ‍ॅप्स, अगदी नोटपॅडसुद्धा चालेल. जॉप्लिनसारखी अ‍ॅप्स नोंदी स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. तो डेटाबेस उचलून सिंकला, म्हणजे सगळीकडे आपोआप सारखं ठेवण्याच्या कामाला, लावू नका, खराब होतो.

आता बसवणं. विंडोजवर 'सिंकथिंग विंडोज सेटअप' घ्या, म्हणजे लॉगिन केल्याबरोबर ते आपोआप सुरू होतं. विंडोज फायरवॉलने विचारलं तर 'प्रायव्हेट' नेटवर्कसाठी परवानगी द्या, आणि घरचं वाय-फाय चुकून 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं नाही ना तेही पाहून घ्या. 'दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत, तरी एकमेकांना दिसत नाहीत' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं. ब्राउझरमध्ये 127.0.0.1:8384 हा पत्ता उघडला की सिंकथिंगचं पान दिसेल. सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला पासवर्ड लावा.

फोनवरचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं. आता 'सिंकथिंग-फोर्क' वापरतात, ते एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत अ‍ॅप्सच्या भांडारात मिळतं. फाइलींची परवानगी द्या आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये या अ‍ॅपची बॅटरी बचत बंद करा. ही पायरी गाळलीत तर स्क्रीन बंद झाल्यावर फोन अ‍ॅपला गुपचूप झोपवेल आणि तुम्ही दोष सिंकथिंगला द्याल.

मग जोडणी. पीसीवर 'अ‍ॅक्शन्स'मध्ये 'शो आयडी' दाबा. एक लांबलचक आयडी आणि क्यूआर कोड दिसतो. फोनवर नवीन डिव्हाइस जोडताना तो कोड स्कॅन करा. थोड्या वेळात पीसीवर विचारणा येते, तिथे होकार द्या. दोन्हीकडून होकार मिळाल्याशिवाय जोडणी होत नाही, त्यामुळे नुसता आयडी कोणाच्या हाती लागला म्हणून तो आत शिरू शकत नाही. लॅपटॉपचीही अशीच जोडणी करा.

शेवटी फोल्डर. ज्या डिव्हाइसवर नोंदी आहेत तिथे 'अ‍ॅड फोल्डर' करा, 'शेअरिंग'मध्ये बाकीच्यांवर खूण करा आणि त्या बाजूंना आलेली विचारणा मान्य करून रिकामं फोल्डर निवडा. रिकामंच निवडा. दोन्हीकडे आधीच वेगवेगळ्या नोंदी असतील तर सगळ्यांची सरमिसळ होईल. आणि हे सुरू करण्याआधी मूळ फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.

कारण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर फाइल उडवलीत की ती सगळीकडून उडते. यासाठी फोल्डरच्या सेटिंग्जमध्ये 'फाइल व्हर्जनिंग' असतं. तिथे 'स्टॅगर्ड' निवडा. पहिल्या दिवसात दर तासाची, महिनाभर दर दिवसाची अशा टप्प्याटप्प्याने विरळ होत जाणाऱ्या जुन्या प्रती ते ठेवतं. यातली मेख अशी, की दुसरीकडून आलेल्या बदलाचीच जुनी प्रत ठेवली जाते. फोनवर खोडलेलं फोनवर सापडणार नाही, पीसीवर सापडेल. म्हणून हा पर्याय एकाच डिव्हाइसवर लावून थांबू नका, सगळीकडे लावा.

एकच फाइल दोन्हीकडे बदलली गेली तर सिंकथिंग कुठलाच मजकूर टाकून देत नाही. एका प्रतीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' आणि तारीख-वेळ घालून ती शेजारी ठेवतं. दोन्ही उघडा, हवं ते एकत्र करा, जादाची प्रत काढून टाका. ऑब्सिडियनवाल्यांना अशा प्रती उगाचच दिसत राहतात, कारण कोणती खिडकी उघडी होती हेसुद्धा ते लपलेल्या फोल्डरमधल्या 'वर्कस्पेस' फाइलमध्ये लिहून ठेवतं. ती फाइल फोल्डरच्या सेटिंग्जमधल्या 'इग्नोअर पॅटर्न्स'मध्ये, म्हणजे सिंक न करायच्या फाइलींच्या यादीत, टाका. ही यादी स्वतः सिंक होत नाही, प्रत्येक डिव्हाइसवर वेगळी भरावी लागते.

फाइलींना मराठी नावं खुशाल द्या. 'दुसऱ्या'मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून, आणि जुन्या मॅकवर हा फरक छळायचा. पण सिंकथिंग तो स्वतःच मिटवतं. खरी अडचण होते विरामचिन्हांची. 'बैठक 10:30' नावाची फाइल विंडोजवर उतरणारच नाही, कारण तिथे नावात विसर्गासारखं ते चिन्ह चालत नाही. प्रश्नचिन्हाचंही तेच. वेळ 10-30 अशी लिहा.

आता क्लाउड नको म्हणजे नेमकं किती नको, हे ठरवा. डिव्हाइस वेगवेगळ्या नेटवर्कवर असले आणि थेट जोडणी जमली नाही, तर सिंकथिंग स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिले सर्व्हरमार्फत फाइली पाठवतं. त्या एन्क्रिप्ट केलेल्या असतात, रिलेवाल्याला वाचता येत नाहीत. तेही नको असेल तर सेटिंग्जमधल्या 'कनेक्शन्स'मध्ये 'रिलेइंग' आणि 'ग्लोबल डिस्कव्हरी' (इंटरनेटवरून एकमेकांचा पत्ता शोधणं) बंद करा, 'लोकल डिस्कव्हरी' (त्याच नेटवर्कवर शोधणं) तेवढी चालू ठेवा. मग सिंक होईल ते एकाच नेटवर्कवर असताना. मी हेच सुचवेन, कारण फोन रोज ये-जा करतोच आहे.

ऑफिसच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर मात्र डिव्हाइसना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही असं बरेचदा असतं. तिथे फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडा. या दोघांतल्या फाइलींना मोबाइल डेटा खर्च होत नाही. फोनमधल्या अ‍ॅपला 'फक्त वाय-फायवर चाल' अशी अट घातली असेल तर ती तेवढ्यापुरती काढा, कारण हॉटस्पॉट देणारा फोन स्वतः वाय-फायवर नसतो.

आयफोन असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. सिंकट्रेन किंवा मोबियस सिंक ही अ‍ॅप्स आहेत, पण आयओएस त्यांना मागे सतत चालू देत नाही. ऑफिसातून निघताना आणि घरी पोचल्यावर अ‍ॅप हाताने उघडायचं, 'अप टू डेट' दिसेपर्यंत थांबायचं आणि मगच लॅपटॉप मिटायचा.